दुसरं ताट

परिपत्रक आलं: ज्यू समाज आणि राजकारण,
सारांश तीनशे शब्दांत पाठवा,
निवड झाल्यास वाचायला वीस मिनिटं,
जेवण आहे, प्रवासखर्च नाही.
ठिकाण रेवदंडा, शाळेचं सभागृह. वार शनिवार.

वार वाचून हन्नोक चेऊलकरांनी आयोजकांना फोन लावला:
"तुम्ही आमच्यावर बोलणार, आणि नेमके आम्हीच
त्या दिवशी घरात बसून राहणार?
शनवार तेली म्हणायचे आम्हाला.
निदान तेवढं तरी वाचायचं होतं."
मग रविवार ठरला. छापून झालेल्या फलकावर
चिकटवलेली पांढरी पट्टी
पंख्याच्या वाऱ्यानं उचकटत राहिली,
खालचा शनिवार डोकावत राहिला.

माझा निबंध एका वहीवर उभा होता.
सिनेगॉगच्या कपाटातली, मोडी, कसर लागलेली.
हन्नोककाकांनी किल्ली दिली आणि बजावलं,
पानं उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही.
तीन उन्हाळे मी तिथल्या ओट्यावर बसून अक्षरं लावली,
समोर कुणाची तरी सुपारी वाळत पडलेली.
मुकादम कोण, चौगुला कोण,
गब्बायच्या निवडीत कुणाचा हात कुणाविरुद्ध वर गेला,
दिव्याला तेल कुणाच्या घाण्याचं, किती शेर,
आणि प्रत्येक मलिद्याच्या खर्चाखाली एक ओळ:
ताटं दोन.
कारण लिहिलेलं नाही.

कारण मी लिहिलं.
गोरे नि काळे, आईच्या कुळावरून पडलेली फाळी,
एकाच एलियाहूचं नाव घेऊन कालवलेले
तेच पोहे, तोच गूळ, तोच नारळ,
दोन पितळांत.
अकरा पानं, चौतीस तळटीपा.
'ताटव्यवस्था' असा शब्दही घडवला,
आणि त्या शब्दावर, खरं सांगायचं तर, मी खूश होते.

पुण्याच्या अध्यक्षांनी मान डोलावली.
प्रश्नोत्तरांत दोघांनी आपापली भाषणं केली.
मग शेवटच्या रांगेत, खुर्चीच्या पाठीला धरून
एक बाई उठल्या. काखेतल्या पिशवीतून
शेवग्याच्या शेंगा बाहेर आलेल्या.
माईक नको म्हणाल्या.

"तो दुसरा ताट आमचा व्हता.
तू वाचलास ता खरा हाय.
पन आमच्या ताटान पोहे जास्त असायचे."
कुणीतरी हसलं.
"हसू नका. माजी आजी मोजून भरायची,
त्यांच्यापेक्षा ओंजळभर वर.
येगला त्यांनी केला. भरला आमी."

अध्यक्षांनी घंटी दाबली.
जेवणात वालाची उसळ होती, ती मला गेली नाही.
अकरा पानांत मी त्या लोकांना
नुसतं दूर बसवून ठेवलं होतं,
मान खाली घातलेली, ताटाकडे बघणारी.
ती ओंजळ वहीत नव्हती,
लिहिणाऱ्याला दिसली असेल, तरी नाही.

स्टँडवर त्यांना गाठलं. मुरूडची गाडी लागायची होती.
पेन काढलं: नाव, वय, गाव,
नियम आहे, स्रोत द्यावा लागतो.
त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
"ओंजळ लिव. नाव नको."
का, म्हणून विचारलं.
"नातीची बोलणी चालू हायत."
म्हटलं, पण आता कुठे कोण असलं बघतं?
त्या माझ्याकडे बघत राहिल्या,
लहान मुलानं काही विचारावं, तशा.
गाडी आली. शेंगा दारात अडकल्या, कंडक्टरनं आत ढकलल्या.

निबंध छापायला गेला आहे.
'ताटव्यवस्था' मी खोडला.
तळटीप पस्तीस: समक्ष संभाषण, रेवदंडा स्टँड.
नाव दिलेलं नाही.
कारण लिहिलेलं नाही.